ऑलिम्पिकचा फायदा नेमका कोणाच्या वहीत?

ताईने मला एक मेसेज पाठवला. वर तिरंगा, खाली ऑलिम्पिकची पाच कडी आणि मग ठळक अक्षरांत मुद्दे. २०३६ चं ऑलिम्पिक भारतात येणार. आजवर प्रत्येक यजमान देश फायद्यात गेला. करदात्याचा एक रुपयाही लागत नाही, सगळा पैसा ऑलिम्पिक समिती देते. २०१० चा कॉमनवेल्थ घोटाळा खोटा होता, हे कोर्टातच सिद्ध झालं. पर्यटकांची रीघ लागेल, जिल्ह्याजिल्ह्यांत क्रीडासंकुलं होतील, पदकांचा पाऊस पडेल. यजमानपदासाठी जग रांगेत उभं आहे. आणि शेवटी नेहमीचंच, जे प्रश्न विचारतात ते देशद्रोही. त्याखाली ताईची स्वतःची ओळ: ‘आता पोरीचं कल्याण झालं.’

पोरगी म्हणजे माझी भाची. भालाफेक करते. तिच्या सरावाच्या मैदानात पावसाळ्यात चिखल असतो आणि उरलेल्या दिवसांत लग्नाचे मांडव. या मेसेजवर ताईने एवढी आशा बांधली नसती तर मी तो नेहमीप्रमाणे पुसून टाकला असता.

आधी वस्तुस्थिती. भारताने २०३६ साठी इच्छापत्र दिलं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये. पंतप्रधानांनी त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात तसं जाहीरही केलं होतं. अहमदाबादचं नाव पुढे केलेलं आहे. पण अर्ज केला म्हणजे यजमानपद मिळालं असं होत नाही. मिळालंय ते २०३० चं राष्ट्रकुल, म्हणजे कॉमनवेल्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोच्या सभेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आहे.

आता ‘प्रत्येक यजमान फायद्यात गेला’ हे वाक्य. याच्याइतकं धादांत खोटं वाक्य मी अलीकडे वाचलेलं नाही. १९७६ च्या ऑलिम्पिकआधी माँट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते, पुरुषाला जसं मूल होऊ शकत नाही तसा ऑलिम्पिकला तोटा होऊ शकत नाही. त्या ऑलिम्पिकचं कर्ज क्यूबेकच्या लोकांनी २००६ पर्यंत फेडलं. तीस वर्षं, सिगारेटवर खास कर लावून. रिओ २०१६ मध्ये तर उद्‌घाटनाला दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा तिथल्या राज्य सरकारने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९६० ते २०१६ मधल्या ज्या ज्या ऑलिम्पिकचे हिशोब मिळाले ते तपासले. महागाई वजा करूनही खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी १५६ टक्क्यांनी वाढलेला निघाला. अंदाजात बसलेलं एकही ऑलिम्पिक नाही. एकही.

यावर ग्रुपवर लगेच उत्तर येतं, ‘मग लॉस एंजेलिस?’ बरोबर आहे, १९८४ चं लॉस एंजेलिस फायद्यात गेलं, शिल्लक सुमारे २३ कोटी डॉलर. पण ते का झालं, हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कोणीही विचारत नाही. माँट्रियलची अवस्था पाहून १९८४ साठी कोणी पुढे यायला तयार नव्हतं. तेहरानने माघार घेतली आणि लॉस एंजेलिस एकटं उरलं. तिथल्या मतदारांनी १९७८ मध्ये शहराच्या सनदेतच दुरुस्ती करून घेतली, की परत वसूल होणार नाही असा शहराचा पैसा ऑलिम्पिकवर खर्च करायचा नाही. ऑलिम्पिक समितीला ते मुकाट्याने मान्य करावं लागलं, कारण दुसरा कोणी गिऱ्हाईकच नव्हता. मग काय केलं? १९३२ च्या ऑलिम्पिकचं कोलिझियम पुन्हा वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं, जलतरण तलाव आणि सायकलिंगचा ट्रॅक प्रायोजकांकडून बांधून घेतला. म्हणजे फायद्याचं जे उदाहरण हे लोक नाचवतात, ते ‘आमचा पैसा लावू देणार नाही’ म्हणणाऱ्या नागरिकांमुळे घडलं. मेसेजच्या भाषेत, देशद्रोह्यांमुळे.

बार्सिलोनाचंही नाव निघतं. तिथे समुद्रकिनारा मोकळा झाला, शहर पालटलं, मान्य. पण शहर सुधारायचं नियोजन तिथे आधीपासून चालू होतं आणि ऑलिम्पिक त्याच्या कामी आलं. आपल्याकडे उलटा क्रम असतो, आधी स्टेडियम आणि मग त्याला पाणी कुठून आणायचं याची बैठक.

पैसा ऑलिम्पिक समिती देते, हा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त घातक. समिती संयोजन समितीला प्रसारण हक्कांतला वाटा देते, आणि तो मोठा असतो. पण तो स्पर्धा चालवायच्या खर्चासाठी. मैदानं, रस्ते, मेट्रो, पोलीस बंदोबस्त, क्रीडाग्राम हे सगळं यजमानाच्या खिशातून. वर खर्च वाढला तर भरून देण्याची सरकारी हमी लागते ती वेगळीच. पॅरिसचंच बघा. तिथल्या संयोजन समितीने सुमारे साडेसात कोटी युरो शिल्लक दाखवली, बातम्या आल्या, टाळ्या झाल्या. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२५ मध्ये सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा मोजला तो सुमारे ६.६ अब्ज युरो. आहेराचं पाकीट मोजून ‘लग्न फायद्यात गेलं’ म्हणायचं आणि मंडप, जेवणावळी, दागिने यांची बिलं मुलीच्या बापाच्या नावावर ठेवायची, तसा हा हिशोब आहे.

आता कॉमनवेल्थ २०१०. इथे मी पुण्याची असल्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याला वाटलं असेल की ही गप्प बसेल. संयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी आमचेच खासदार होते. त्यांना एप्रिल २०११ मध्ये अटक झाली हे सगळ्यांना आठवतं. पुढे काय झालं ते फार कमी जणांना. तेव्हा जे खरं आहे ते मान्य करते, दात ओठ खात का होईना. मनी लाँडरिंगचा तपास बंद करण्याचा ईडीचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला. वर्षानुवर्षं जे आकडे चॅनेलवर ओरडून सांगितले गेले, त्यांतले बरेच न्यायालयात टिकले नाहीत. टॉयलेट पेपरच्या रोलच्या भावाच्या गोष्टी सोडून द्या.

पण त्यावरून ‘सगळं व्यवस्थित होतं’ हा निष्कर्ष कसा काढता? न्यायालय गुन्हा झाला की नाही हे बघतं. पैसा शहाणपणाने खर्च झाला का, हे बघायचं काम कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं. आणि कॅगचा ऑगस्ट २०११ चा अहवाल आजही जसाच्या तसा उभा आहे, तो कोणी मागे घेतलेला नाही. तो म्हणतो, सुरुवातीचा अंदाज १,२०० कोटींचा होता, तो गेला १८,५३२ कोटींवर. आणि त्यात विमानतळ आणि मेट्रोची गुंतवणूक धरलेलीच नाही. संयोजन समिती वर्षानुवर्षं सांगत होती की स्पर्धा आपला खर्च आपणच भागवेल. २००८ मध्ये उत्पन्नाचा अंदाज १,७०० कोटींच्या पुढे दाखवला होता. करार झाले ६८२ कोटींचे, आणि ते मिळवण्याचा खर्च व वस्तुरूपाने आलेली मदत वजा केल्यावर हातात आले १७३.९६ कोटी. हे वाक्य ताईसाठी पुन्हा लिहिते: सतराशे कोटी सांगितले, एकशे चौऱ्याहत्तर कोटी आले. फरक कोणी भरला? आपण.

कॅगने आणखी एक गोष्ट ठळकपणे नोंदवली आहे, आणि मला ती पैशापेक्षाही महत्त्वाची वाटते. यजमानपद मिळालं नोव्हेंबर २००३ मध्ये. हातात सात वर्षं होती. त्यातली सुरुवातीची वर्षं कोण प्रमुख, कोणती समिती कोणाला जबाबदार, यातच गेली. मग शेवटी घाई, आणि घाईच्या नावाखाली निविदांचे नियम बाजूला. देशी दिवे मिळत असताना रस्त्यांना महागडे परदेशी दिवे. मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल २१ सप्टेंबर २०१० रोजी, उद्‌घाटनाला दोन आठवडे असताना कोसळला, मजूर जखमी झाले. यातलं काहीही सिद्ध करायला कोणाला तुरुंगात पाठवावं लागत नाही.

आणि ज्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही ते. दिल्ली सरकारने अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या निधीतला पैसा या स्पर्धेच्या कामांकडे वळवला होता. ऑगस्ट २०१० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांना राज्यसभेत हे चुकीचं झालं असं मान्य करावं लागलं, रक्कम ६७८ कोटींच्या घरात. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, वस्त्यांमधली कामं यांसाठीचा पैसा तो. झोपडपट्ट्या हटवल्या, उरलेल्यांपुढे बांबूचे पडदे आणि फलक लावले. ‘एक रुपयाही लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे रुपये मोजून दाखवावेत.

पर्यटकांचं थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१२ मध्ये, ऐन लंडन ऑलिम्पिकच्या महिन्यात, आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा परदेशी पाहुणे सुमारे पाच टक्क्यांनी कमी आले. गर्दी आणि हॉटेलांचे भाव बघून नेहमीचा प्रवासी दुसरीकडे वळला.

पदकांवर मात्र ताईसाठी थांबायला हवं. घरच्या मैदानावर पदकं वाढतात हे खरं आहे. २०१० मध्ये आपण १०१ पदकं घेऊन दुसरे आलो. नाशिकजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेतलं तेव्हा मीही ओरडले होते. पण अठरा हजार कोटी खर्चून सहा वर्षांनी रिओत आपली पदकं किती? दोन. पॅरिसला सहा, त्यातलं सोनं शून्य. कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं कांस्य आलं ते क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे लहानपणी पोरगं निवडून वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या योजनेतून. त्याआधी १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवल्याचं कोल्हापुरात अजून सांगतात.

हो, कुसाळे पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर सराव करतो आणि बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. म्हणजे मोठ्या स्पर्धेतून काहीच उरत नाही असं मी म्हणणार नाही. १९८२ च्या एशियाडमधून तर महाराष्ट्राला आख्खी ‘एशियाड’ मिळाली, दिल्लीत खेळाडूंना नेणाऱ्या त्या बस एसटीने घेतल्या आणि दादर-पुणे मार्गावर पळवल्या. पण त्याच बालेवाडीच्या धावपट्टीवर जून २०२१ मध्ये मंत्र्यांच्या ताफ्यातल्या गाड्या उभ्या होत्या, आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. सिंथेटिक ट्रॅकवर मोटार घालू नये हे ज्यांना सांगावं लागतं, ते जिल्ह्याजिल्ह्यांत संकुलं सांभाळणार!

‘जग रांगेत उभं आहे’ हे कॉमनवेल्थबद्दल तर विनोदीच आहे. २०२६ ची स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने घेतली होती. खर्च २.६ अब्ज डॉलरवरून सहा अब्जांच्या पुढे जातोय म्हटल्यावर जुलै २०२३ मध्ये त्यांनी हात वर केले आणि करार मोडल्याबद्दल ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मोजली. न भरवणं त्यांना स्वस्त वाटलं. ग्लासगोने ती घेतली ती फक्त दहा खेळांची करून. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, म्हणजे आपली पदकांची दुकानंच त्यातून गायब. २०३० साठी कॅनडाच्या अल्बर्टानेही माघार घेतली होती. नायजेरियाचं अबुजा होतं, एवढीच काय ती रांग.

राहिलं देशद्रोहाचं. हॅम्बुर्गने २०१५ मध्ये ऑलिम्पिकसाठी सार्वमत घेतलं, लोक थोडक्या मतांनी ‘नको’ म्हणाले, अर्ज मागे गेला. बुडापेस्टमध्ये २०१७ मध्ये अडीच लाखांवर सह्या जमल्या आणि शहराने माघार घेतली. म्युनिकमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये मतदान झालं आणि सुमारे दोनतृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले. विचारल्यावर लोक हो म्हणू शकतात. आपल्याकडे अहमदाबादकरांना विचारलंय कोणी?

मला स्पर्धा नको आहेत असं नाही. २०३० आता होणारच आहे, तर ताई, तुझ्या ग्रुपवर एवढंच टाक: खर्चाची कमाल मर्यादा किती, ती ओलांडली तर कोण भरणार, त्या हमीपत्रावर कोणाची सही आहे, आणि २०३१ मध्ये त्या मैदानांची देखभाल कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकात दाखवली आहे. उत्तरं आली की मला कळव. आणि त्याच दमात आपल्या नगरपालिकेला विचार, सरावाच्या वेळी मैदान मांडवाला भाड्याने का दिलं जातं.