भूल, उंदराची पिल्लं आणि आमची चिऊ

मागच्या महिन्यात माझ्या भाचीचं, चिऊचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. पाच महिन्यांची पोर, रडली की जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा, डॉक्टर म्हणाले आतडं अडकलं तर पळापळ होईल, थांबू नका. आणि नेमकं आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलं की बाळांना भूल दिली की मेंदूच्या पेशी मरतात, अमेरिकेनेही वॉर्निंग दिलीय. ताईच्या डोळ्याला डोळा नाही, दाजी म्हणे पुढं ढकलूया, आणि मी तीन वाजेपर्यंत वाचत बसले.

फॉरवर्ड सगळंच खोटं नव्हतं. २००३ साली अमेरिकेत सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना थिएटरमध्ये वापरतात तीच औषधं, मिडाझोलॅम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन, सलग सहा तास दिली. मेंदूत ठिकठिकाणी पेशी मेल्या. तीच पिल्लं मोठी झाल्यावर पाण्याच्या टाकीत सोडली तर पाण्याखाली लपवलेला ओटा कुठंय ते त्यांना इतरांसारखं पटकन शिकता येईना. वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

पण सहा तास हो! उंदराच्या मेंदूची जी वाढ दोन-तीन आठवड्यांत उरकते ती आपल्या बाळाची दोन-तीन वर्षं चालते, मग त्या पिल्लाचे सहा तास आपल्या घड्याळात कसे मोजणार? म्हणून पुढं माकडांच्या पिल्लांवर काम झालं. चोवीस तास केटामाइन हे भुलीचं औषध दिलेली पिल्लं पुढं कित्येक वर्षं शिकण्याच्या चाचण्यांत मागे पडली, पण तीनच तास दिलं तेव्हा पेशी जास्त मेलेल्या दिसल्या नाहीत. माकडांचं वाचताना मला खरंच वाईट वाटलं, आईपासून लांब केलेली पिल्लं ती. तरी मी म्हणेन हे काम व्हायलाच हवं होतं, कारण माणसाच्या बाळाला विनाकारण चोवीस तास भूल देऊन बघणार कोण?

आणि त्याच भीतीपोटी पुढं माणसांच्या बाळांचा अभ्यास झाला. सात देशांतली ७२२ बाळं, सगळी हर्नियाचीच! काहींना सेवोफ्लुरेनची पूर्ण भूल, साधारण तासाभराची, आणि बाकीच्यांना जागेपणीच पाठीत बधिर करायचं इंजेक्शन. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक नाही, हे २०१९ ला छापून आलं. एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, २०१६ ची वॉर्निंगसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा परत परत भूल देण्याबद्दल आहे, आणि गरजेचं ऑपरेशन टाळा असं ती कुठंच म्हणत नाही. फॉरवर्डवाल्याने नेमकं हेच गाळलं, याचा मला राग आहे.

अजून एक. १९८० च्या दशकापर्यंत कितीतरी नवजात बाळांची ऑपरेशनं जेमतेम भुलीत उरकायचे, बाळाला कुठं कळतंय म्हणून. १९८७ साली आनंद नावाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवून दिलं की वेदनेचं नीट औषध दिलेली बाळं ऑपरेशननंतर जास्त बरी राहतात. भुलीला घाबरून आपण परत तिकडं जायचं का?

सकाळी ताईने भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं, किती वेळ लागेल, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागेल का. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं, पाऊण तास म्हणाल्या. चिऊ चार तासांची उपाशी, ताईचा पदर चोखत होती. दाजींनी सही केली.

बाहेर आणली तेव्हा घसा बसलेला, पण दूध दिसल्याबरोबर अशी तुटून पडली की नर्सच म्हणाली, अगं हळू.