सहाच इंच का? ग्वाल्हेरच्या वाचकांना उत्तर

ग्वाल्हेरकर साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. जुन्या टार्गेट रिव्हॉल्वरवरच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘डोळे मिटून सहा इंची घ्या, ती जास्त नेमकी मारते.’ तुमचं म्हणणं असं की, नळी लांब तेवढा नेम पक्का हे साधं त्रैराशिक आहे, मग ८.३७५ इंचाची सोडून सहावर का अडायचं? तुमच्या ओळखीच्या दुकानदाराकडे तशी एक जुनी के-२२ (स्मिथ अँड वेसनची .२२ बोअरची टार्गेट रिव्हॉल्वर) आहे. फारच लांब वाटली तर कापून घेऊ. वर शेरा: ‘इंदुरात पोहे खात कॅटलॉग वाचणाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत.’

पोह्यांचा आरोप मान्य. कॅटलॉगचा नाही. वडिलांच्या लायसन्सवरची सहा इंची के-२२ आता माझ्या लायसन्सवर आहे आणि तिच्यावर मी बरीच वर्षं घाम गाळलाय.

आधी माझी चूक. ‘सहा इंची जास्त नेमकी मारते’ हे वाक्य चुकीचं आहे. पण तुमचं त्रैराशिकही अर्धंच आहे. मागच्या साइटच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेपर्यंतचं) अंतर चार इंचीला साधारण १४५ मिलिमीटर, सहा इंचीला १९५ आणि तुमच्यावाल्या लांबीला २५५ धरू. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी अनुक्रमे ८६, ६४ आणि ४९ मिलिमीटर चुकते. प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत २५ नं मोठं. म्हणजे तीच चूक चार इंचीवर सात गुण देते, सहावर आठ, लांबवर नऊ. इथपर्यंत तुम्ही जिंकलात.

पण हात माशीला अर्धा मिलिमीटर मोजून सरकवत नाही. मनगट कलतं, आणि कलणं अंशात असतं. एक दशांश अंश कललं की २५ मीटरवर गोळी साधारण ४४ मिलिमीटर चुकणार, नळी चार इंची असो नाहीतर आठ. फरक एवढाच की चार इंचीवर ते कलणं पाव मिलिमीटर दिसतं आणि लांबवर जवळजवळ अर्धा. लांब नळी नेम सुधारत नाही, ती चहाडी करते. ज्याला चहाडी ऐकून हात सुधारता येतो त्याला ती फायद्याची. ज्याला येत नाही तो माशी नाचताना बघून घाबरतो आणि ती खाचेत मधोमध आल्या क्षणी चाप झटकतो. मी दोन वर्षं नेमकं हेच केलं, आणि तेही सहा इंचीवर.

वजनाचं म्हणाल तर सहा इंची के-२२ किलोच्या थोडी वर भरते. लांबवालीचं जादा वजन फार नाही, पण ते सगळं पुढच्या टोकाला असतं. एका हातानं सावकाश नेम धरताना ते बरं वाटतं, नळी कमी थरथरते. स्टँडर्ड पिस्तुलाच्या स्पर्धेत मात्र शेवटच्या टप्प्यात पाच गोळ्यांना १० सेकंद मिळतात. दर गोळीला अंगठ्यानं घोडा (मागची हातोडी) चढवायचा, पकड हलते, आणि पुढून जड नळी प्रत्येक वेळी खाली झुकते. तिला वर आणण्यातच सेकंद जातात. आणि मुळात तिथे ती चालतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत २५ मीटरच्या या प्रकारांना नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर आणि दोन साइट्समधलं अंतर २२० मिलिमीटर. रिव्हॉल्वरला नळी सिलिंडर सोडून मोजतात. सहा इंच म्हणजे १५२.४. बसली! तुमची २१२ च्या वर जाते.

‘आजकाल रिव्हॉल्वरनं खेळतंच कोण’ असंही तुम्ही लिहिलंत. खरंय, हल्ली जवळपास कुणी नाही. आमच्या शेजारच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधल्या विजय कुमार यांनी २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं रौप्य आणलं ते काही रिव्हॉल्वरवर नाही. हा शौक आहे, शौकाला हिशेब नसतो. पण नियमात बसणारा शौक असला की रेंजवर कुणी हटकत नाही.

एका बाबतीत मात्र तुमची बाजू घेतो. चाळिशीनंतर माशी धूसर होते. वाचायचा चष्मा कामाचा नाही, कारण माशी पुस्तकाच्या दुप्पट लांब असते. चष्म्याच्या दुकानात रिव्हॉल्वर घेऊन जाणार कसा? मी घरी रिकामी रिव्हॉल्वर हात ताणून धरली आणि बायकोनं माझ्या भुवईपासून माशीपर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. ती सुतळी खिशात घालून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘शिलाई मशीन का?’ मी हो म्हटलं. त्या चष्म्यानं माशी धारदार दिसू लागली. शिवाय कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर धरली की उन्हातली चकाकी मरते. देवघरातल्या कापरावरून घरात बोलणी बसतात, ती सोसावी. लांब नळीत माशी सहा सेंटिमीटर आणखी पुढे जाते, म्हणजे वयस्क डोळ्याला थोडी सोपी. तुमचं वय मला माहीत नाही, पण साठीच्या पुढे असाल आणि स्पर्धा खेळायची नसेल, तर ती लांबवाली खुशाल घ्या.

कापायचं मात्र डोक्यातून काढून टाका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. आणि परवाना मिळाला तरी नळीचं तोंड पुन्हा घासून काटकोनात सपाट करणं, माशी नव्यानं बसवणं, हे काम करणारा हात आता सापडायला कठीण. एवढं करून जुन्या वस्तूची किंमतही जाते.

दुकानदाराकडे जाल तेव्हा रिव्हॉल्वर रिकामी आहे हे स्वतः बघून, सुरक्षित दिशेला धरून, एका हातानं मिनिटभर नेम रोखा. चाळिसाव्या सेकंदाला माशी कुठे असते तेवढं कळवा. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त करतोय, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.