थर्मोस्टॅट काढला, मग हीटर तापणार कशाने?

थंडी पडली की दरवर्षी हा मेसेज फिरत येतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि खाली ‘एकदम बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: जुन्या गाडीचा हीटर मंद असेल तर हीटर कोअर चोंदलाय, तो बदलायलाच हवा. थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे काढून टाका, गाडी तापणार नाही. हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं. रेडिएटरला साधं पाणी पुरतं. इतकं करून ऊब येत नसेल तर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा.

आधी थर्मोस्टॅट, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागे बसवलेला छोटा रेडिएटर, त्यालाच हीटर कोअर म्हणतात. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा मारतो, बस. म्हणजे पाणी गरम तर हीटर गरम. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची डबी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण फुगतं आणि मोठ्या रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरतं. थर्मोस्टॅट काढला की पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरात जाऊन थंड होऊन येतं. डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे निघालात, हायवेला समोरून गार वारा, तर तापमानाचा काटा वर सरकतच नाही. हीटरने द्यायचं काय?

‘काढला की गाडी तापत नाही’ हेही सरसकट खरं नाही. काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तो नसला तर बरंच पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. अडकलेला थर्मोस्टॅट रस्त्यात काढून घर गाठलं, तर मेकॅनिकचं काही चुकलं नाही. चूक आहे ती नंतर नवा न बसवण्यात.

आता हीटर कोअर. तो चोंदतो, हे खरं. पण बऱ्याच गाड्यांत त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून तो शेवटचा संशयित ठेवावा. आधी इंजिन थंड असताना पाणी किती आहे ते बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर बऱ्याचदा पहिला हीटरच मंदावतो. डॅशबोर्डामागून बुडबुड आवाज येतो. मग गाडी चांगली चालवून आणा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन बंद करा आणि केबिनच्या पत्र्यातून आत जाणारे दोन होज पाइप जपून चाचपा. दोन्ही कोमट असतील तर दोष थर्मोस्टॅटचा, नाहीतर पाणी कमी. दोन्ही कडक गरम असून हवा गार येत असेल तर दोष हवा गरम-गार करणाऱ्या आतल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. एक गरम, दुसरा गार असेल तर कोअर चोंदलाय, नाहीतर हीटरमध्ये गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडत नाही. आपल्याकडे हा व्हॉल्व्ह फार छळतो, कारण वर्षातले दहा महिने त्याला कुणी हातच लावत नाही. अडकेल नाही तर काय! कोअर खरोखर चोंदला असला तरी आधी दोन्ही पाइप सोडून उलट्या बाजूने बेताच्या दाबाने पाणी सोडून पाहावं. कोअर बदलायची वेळ येते तो गळायला लागल्यावर: काचेवर चिकट वाफ, गोडसर वास, पायाखालचं कार्पेट ओलं.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या गावीही नाही. कोअर गळाला की काही गॅरेजवाले हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून मोकळे होतात. आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा हेच निघालं. सहा महिने कळलंच नाही, कारण घेतली एप्रिलमध्ये!

पेट्रोलचा मुद्दा लगेच निकालात निघतो. हीटरला लागते ती रेडिएटरातून नाहीतरी वाया जाणारी उष्णता. वेगळा खर्च ब्लोअरच्या किरकोळ विजेचा. काचेवरचं धुकं घालवायला सोबत एसी लावलात तर कॉम्प्रेसर चालतो, तेवढं पेट्रोल जातं. गंमत अशी की पेट्रोल खरं वाढतं ते थर्मोस्टॅट काढल्याने. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन थंडच आहे असं सेन्सर सांगत राहतो आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो.

साधं पाणी? उष्णता वाहून न्यायला पाणी कूलंटपेक्षा कणभर सरसच आहे, हे मान्य. पण कूलंट गंज धरू देत नाही, पाणी देतं. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी ओतलं की गंज आणि क्षाराचा थर हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. म्हणजे मेसेजचा चौथा सल्ला पाळला की पहिला खरा ठरतो.

राहिला पुठ्ठा. थर्मोस्टॅट धड असेल तर इंजिन तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंदच ठेवतो, पुठ्ठ्याला काम उरत नाही. आणि पहाटेच्या गारठ्यात लावलेला पुठ्ठा काढायची आठवण दुपारी कसारा घाटात होते, काटा लालवर गेल्यावर.