चाळणीतला सेकंदकाटा

तर झालं असं की मला १९६५ सालचं सिको घड्याळ हवं होतं. सिक्स्टी टू मास म्हणतात ते, सिकोचं पहिलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, १५० मीटर पाण्यात चालणारं, राखाडी डायलवालं. ओरिजिनलचा भाव बघितला, लाखांच्या घरात, मोबाइल गुपचूप पालथा ठेवला. मग म्हटलं आपणच जोडू की. केस, डायल, घुमटासारखी सफायर काच सगळं आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं, मशीन मात्र सिकोचंच जेन्युइन एनएच३५ आणि सेकंदकाटा मामाच्या बंद पडलेल्या सिको फाइव्हचा. म्हणजे बाकी सगळं भाड्याचं, खानदान काय ते त्या एका काट्यात. डायलवरचा ल्यूम, म्हणजे अंधारात चमकणारा रंग, तो पण मुद्दाम पिवळट मागवला. दिवाळीला लोक जुनं रंगवून नवं करतात, मी जास्तीचे पैसे देऊन नवं जुनं करून घेत होतो, असो.

मे महिन्यातला रविवार, डायनिंग टेबल, पंखा बंद. डायलवर धूळ बसते म्हणून पंखा बंद, आणि त्यावरून घरात जे काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. डोळ्याला भिंग, बोटांना रबरी टोप्या, कपाळावरून घामाची धार. स्टेम, म्हणजे चावीची बारीक दांडी, कापताना पहिला आखूड झाला, दुसरा जमला. तारीख बरोब्बर बदलते तिथे थांबून दोन्ही काटे बारावर बसवायचे, तेही जमलं. तासकाट्याचं भोक दीड मिलिमीटर, मिनिटाचं ०.९ आणि सेकंदाचं ०.२. हे ०.२ नुसतं वाचायला सोपं आहे. चिमट्यात धरला, श्वास रोखला, आणि काटा गेला. आवाज नाही काही नाही, होता आणि नव्हता.

आमची फरशी जुनी मोझॅइकची, तिच्यात आधीच पांढरे काळे हजार तुकडे, त्यात चंदेरी काटा शोधा आता. बायको टॉर्च घेऊन, मुलगा पोटावर, मी चार पायांवर. आई म्हणाली, "थांबा, केर भरते," आणि भरलेला केर चक्क पिठाच्या चाळणीतून चाळायला बसली (ती चाळणी आता टेबलापाशीच असते, पिठाच्या डब्यात परत गेली नाही). मला तेवढ्यात अक्कल सुचली, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि सगळ्या खोलीभर फिरवलं. तीन टाचण्या, एक हेअरपिन आणि बाबांच्या चष्म्याचा स्क्रू सापडला. मुलगा पलंगाखालूनच म्हणाला, "बाबा, काटा कशाचा आहे?"

"पितळेचा."

"मग पितळ चुंबकाला चिकटतं का?"

सहावीत आहे. मी चुंबक टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेलो. तिथे बायको म्हणाली, "अरे, कोपराला काय चिकटलंय तुझ्या?" दीड तास मी त्या काट्यालाच घेऊन रांगत होतो.

संध्याकाळी घड्याळ चालू झालं, काय दिसत होतं म्हणून सांगू. सोमवारी ऑफिसला पाच मिनिटं लवकर पोचलो, वाटलं ट्रॅफिक कमी होता. मंगळवारी मीटिंगरूममध्ये मी एकटाच. दिवसाला पंचवीस मिनिटं पुढे! तेव्हा आठवलं, चुंबक नेमकं कुठे ठेवलं होतं ते, उघड्या मशीनच्या शेजारी. आतल्या हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे ठोके सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या, वेटोळ्या एकमेकींना चिकटल्या की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. तासाला २१,६०० ठोके पडायला हवेत, आमचं त्याहून उत्साही.

रात्री जेवताना हे सगळं आईला नीट समजावून सांगितलं, चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर मागवलाय, चार दिवसांनी येईल वगैरे. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, जे माझ्या जन्मापासून दहा मिनिटं पुढे लावलेलं आहे.

"मग बिघडलंय काय त्याचं? आपलं पण पुढेच असतं की. भात घे अजून."