खापरातलं पाणी

दुपारी दीडच्या उन्हात जे बघितलं ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

गल्लीत एक जण पाइप लावून गाडी धूत होता. पाणी गेटमधून रस्त्यावर, रस्त्यावरून नालीत. पार्सल द्यायला आलेल्या पोरानं रिकामी बाटली पुढं केली, "दादा, एवढी भरून देता का?" तर म्हणे, "कोपऱ्यावर दुकान आहे की, विकत घे." पोरगं काही न बोलता गेलं. पाइप चालूच.

अरे, लातूर आहे हे! मांजरा धरण कोरडं पडलं होतं, टाक्यांपाशी जमावबंदी लावायची पाळी आली होती, इतक्यात विसरलो? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. ते पाणी काय आपल्या बापजाद्यांचं होतं?

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. आई डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा टाकू द्यायची नाही. एक दिवस भंगार गोळा करणारी बाई दारात आली, पाणी मागितलं. घरात प्यायची एकच घागर, तीही अर्धी. खरं सांगतो, मी आईला डोळ्यानं 'नको' म्हणून खुणावलं. आईनं तांब्या भरून दिला.

बाईनं वरून धार धरून अर्धा तांब्या घेतला आणि थांबली. लिंबाखाली एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं. तिनं पोत्यातून फुटक्या माठाचं खापर काढलं, पदरानं पुसलं आणि उरलेलं पाणी त्यात ओतलं. आई म्हणाली, "अगं, तू पी की पोटभर." तर म्हणते, "मी मागितलं, माय. त्येला कुठं मागता येतंय?"

मान्य, बोअर त्या गाडीवाल्याचं आहे, लाइटबिल तोच भरतो. पण सहाशे फुटांखालच्या पाण्याला कंपाउंड असतं का? काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे नाथ आपल्याच पैठणचे. षष्ठीला वारीला जाणारे आपण, आणि दारातल्या पोराला एक बाटली देत नाही? कसली भक्ती ही?

राग त्याच्यावर आहेच. त्याहून जास्त माझ्यावर आहे. मी समोर उभा होतो. "ये इकडं, मी देतो" एवढं बोलायला काय लागत होतं? तोंड उघडेपर्यंत पोरगं वळणावर गेलं होतं. २०१६ ला घागर अर्धी होती म्हणून मी 'नको' म्हणालो होतो. आज तर टाकी भरलेली होती.

संध्याकाळी कुंभाराकडून रांजण आणला. गेटबाहेर लिंबाच्या सावलीत तिवईवर ठेवला, ओलं फडकं गुंडाळलं, वर झाकण, साखळीला बांधलेला पेला. नव्या रांजणाचं पहिलं पाणी मातकट लागतं, ते लिंबाच्या बुडाला घातलं. गल्लीतल्यांनो, येता-जाता कमी दिसलं तर एक कळशी ओता. पार्सलवाली, गॅसवाली, भाजीवाली, कुणी विचारायचीही गरज नाही.

आईला आता नीट दिसत नाही. ओट्यावर बसून रांजणाच्या ओल्या फडक्यावरून हात फिरवत होती. म्हणाली, "खाली खापर ठेवलंस का रे?"

राहिलंच होतं. आत्ता ठेवून आलो.