हेडिंग संपतं कुठे?

पक्याने पुन्हा तेच काढलं. ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे ईमॅक्स या एडिटरमधल्या नोंदी ठेवायच्या पद्धतीत, सबहेडिंग टाकलं की वरच्या हेडिंगच्या मजकुरात परत येता येत नाही, म्हणून हॅशने हेडिंग देणारं मार्कडाउन बरं.

"तिथे तरी कुठे येता येतं?" सुलूने चहा यायच्या आत त्याला धरलं. "दोन हॅशखालचं सगळं पुढच्या हेडिंगपर्यंत त्याचंच. शिवाय हेडिंगच्या पातळ्या सहाच."

"मी मध्ये रिकामी ओळ सोडतो."

"ती तुला कळते, फायलीला नाही."

पक्याला हेडिंगचा सोसच आहे. किराणा, त्यात कडधान्य, त्यात मूग, त्यात 'अर्धा किलो'. ही यादी त्याने खरंच वाण्याला पाठवली होती.

सुलूचं मला शंभर टक्के पटतं. 2003 मध्ये कार्स्टन डॉमिनिकने ऑर्ग सुरू केलं, तेव्हापासून हेडिंगची पातळी त्याच्या आधीच्या तारकांवर ठरते आणि एका हेडिंगची हद्द दुसरं हेडिंगच घालतं. मग ज्या मजकुराला शेवट हवा, त्याला हेडिंग द्यायचंच कशाला? यादी करा, समास मागे घेतला की ती संपते. नाहीतर ड्रॉवर, म्हणजे मिटवता येणारा कप्पा: वर कोलनांमध्ये नाव, खाली ':एंड:', आणि टॅब दाबला की मिटतो.

"इनलाइन टास्क आहे की, मजकुराच्या मध्येच टाकायचं काम," पक्या म्हणाला.

"पंधरा तारका काढायच्या? तारांगण उघडतोयस का?"

अण्णांची अडचण वेगळीच. सोसायटीच्या फायलीत टाकीची गळती 'दुरुस्ती'त लिहायची की 'खर्चा'त? ते दोन्हीकडे लिहितात आणि एकीकडचा आकडा बदलायला विसरतात.

"अण्णा, दुरुस्तीतच ठेवा," सुलू म्हणाली, "नोंदीच्या हेडिंगच्या शेवटी ':खर्च:' टॅग लावा. कंट्रोल-सी, स्लॅश, एम करून टॅगचं नाव दिलं की खर्चाच्या तेवढ्या नोंदी उघड्या राहतात. वरच्या हेडिंगचा टॅग खालच्यांना आपोआप लागतो."

मला तर वाटतं, दोन-तीन पातळ्यांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक फायलीला हाच उतारा आहे. एक नोंद दहा ठिकाणची असू शकते, पण हेडिंगांच्या झाडात तिला एकच फांदी मिळते.

"टॅगने पसारा होतो," पक्या अडूनच.

"पसारा? महाबळेश्वरचा हिशोब तू 'इतर'मध्ये टाकलास. माझे आठशे रुपये अजून तिथेच पुरलेत."

"देतो गं. आधी ते कुठल्या हेडिंगखाली येतात ते ठरू दे."

अण्णांना हसता हसता ठसका लागला, आणि चहाचे पैसे पुन्हा त्यांनीच दिले.