शेवटची बस किती वाजता?

"गोवा एवढासा, कुठूनही कुठे तासाभरात पोचतोस," असं ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याने सकाळी पावणेनऊला पणजी-फोंडा रस्त्यावर भोमच्या वळणावर बसमध्ये एका पायावर उभं राहून बघितलेलं नसणार हे नक्की. ३७०२ चौरस किलोमीटरचं राज्य आपलं, पण राहायचं कुठे हा प्रश्न आला की माणूस इथेही मुंबईसारखाच गोंधळतो.

विषय निघायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्याहून इकडे शिफ्ट होतोय, ऑफिस पणजीत पाटोवर, आणि त्याने मला व्हॉट्सअॅपवर चक्क एक्सेल शीट पाठवलं. पर्वरी, म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली अशी सगळी गावं उभी लावलेली आणि आडवं भाडं, ऑफिसपासून किलोमीटर, मुलीसाठी शाळा, नेटचा स्पीड, हॉस्पिटल. पोरगा हुशार आहे, काही राहिलेलं नाही असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं अरे एक रकाना राहिला, रात्रीची शेवटची बस किती वाजता ते लिही. तर म्हणतो, "ताई, मी गाडी घेणारच आहे, बसचं काय करायचंय?"

तर ही पोस्ट त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी, कारण फोनवर मी बोलायला लागले की तो मीटिंग आहे म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच की गावात माणसं जोडली जातात ती संध्याकाळी साडेसातनंतर. भजनाची तालीम, नाटकाची तालीम, देवस्थान कमिटीची बैठक, वाचनालयातला कार्यक्रम, कोणाच्या घरी बारसं नाहीतर बारावं, सगळं तेव्हाच. आणि गोव्यात बहुतेक रस्त्यांवर खासगी बसेस विरळ व्हायला लागतात त्या नेमक्या तेव्हाच. आठनंतर आडगावच्या स्टॉपवर उभं राहून बघा. म्हणजे दिवसभर तुम्ही अप-डाऊन करून कमावलेलं जे काही असतं ते खर्च करायची वेळ आली की रस्ता बंद. म्हणून मी घरापासून ऑफिसचं अंतर मोजत नाही, ऑफिस सुटल्यावर हातात किती संध्याकाळ उरते आणि ती घालवायला जवळपास कोण आहे हे बघते.

पर्वरीचं बघा. कागदावर तोड नाही. विधानसभा तिथे, सचिवालय तिथे, मांडवीवर तिसरा पूल म्हणजे अटल सेतू २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पणजी अगदी पलीकडच्या काठावर. हायवेवर उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हापासून तिथले लोक वेगळ्या शब्दांत बोलतात ते सोडा. पण माझी एक मैत्रीण तिथे नव्या बिल्डिंगमध्ये राहते, संध्याकाळी खाली उभं राहून वर बघितलं तर मोजक्या खिडक्यांत उजेड. बाकीचे फ्लॅट बाहेरच्यांनी घेऊन ठेवलेले, डिसेंबरात उघडतात आणि जानेवारीत कुलूप. चवथीत आरतीला टाळ धरायला माणूस नाही, मग मोबाइलवर आरती लावतात. जुन्या वाड्यांवर असं नाही हां, तिथे अजून सगळं जागच्या जागी आहे, पण बिल्डिंगवाल्यांना वाडा कुठे आहे हेच माहीत नसतं आणि वाड्यावरच्यांना बिल्डिंगमध्ये कोण राहतं ते. दहा मिनिटांत ऑफिसला पोचणार आणि संध्याकाळी सहाला घरी येऊन टीव्ही बघणार. मला नाही जमणार बाबा.

मडगावचं गणित तर पुलाने बदललं. जुन्या जुवारी पुलावरचा ट्रॅफिक ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको, आगशीला गाडी थांबली की पुढचं देवाच्या हातात, लग्नाच्या मुहूर्ताला निघालेली माणसं जेवणाच्या पंगतीला पोचायची. नव्या पुलाची पहिली बाजू २०२२ च्या डिसेंबरात उघडली, दुसरी त्याच्या पुढच्या डिसेंबरात, आणि मडगाव पणजीच्या जवळ आलं. शटल बस आहे, मधे कुठे थांबत नाही, तिकीट खाली काढून चढायचं, बसायला जागा. आणि गावही असं की हरिमंदिराची दिंडी निघाली की अख्खं शहर रस्त्यावर, रात्रभर गाणं. वास्कोवाल्यांना श्रावणातल्या दामोदर सप्ताहाचा जसा अभिमान तसाच यांना दिंडीचा. पाटोवर नोकरी आणि पगारात बसत असेल तर मडगावला मी नाही म्हणणार नाही.

डिचोली-साखळीकडे भाडं परवडतं आणि नाटकाचं वेड तर विचारू नका. तिकडची बरीच माणसं मयेवरून चोडणला येतात आणि फेरीबोटीने रायबंदरला उतरतात. २०२५ मध्ये त्या फेरीवर मोठी रो-रो बोट आली, गर्दीचा ताण जरा हलका झाला. मला त्या फेरीबोटीचं फार अप्रूप. पावसात रॅम्पवर दुचाक्या कोंबलेल्या असतात, रेनकोटातून पाणी गळत असतं, पण इंजिन बंद, हात मोकळे आणि सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे. बोलल्याशिवाय इलाजच नसतो. कोणाची मुलगी बारावीला, कोणाची गाय व्याली, कोणी कुठे जमीन विकली, सगळं त्या नदीवर कळतं. गाडीत एकटं बसून रेडिओ ऐकत जाणाऱ्याला हे कुठून मिळणार? अप-डाऊन म्हणजे निव्वळ फुकट गेलेला वेळ असं आपण धरूनच चाललोय, पण हात स्टिअरिंगवर नसतील तर त्या वेळेतसुद्धा गाव असतं. माझ्या बसमधल्या दोन बायका मला माझ्या चुलत नणंदांपेक्षा जवळच्या आहेत, हे सासरच्यांनी वाचलं तरी चालेल.

आता फोंडा, म्हणजे आमचं. नवरा वेर्ण्याला कंपनीत, मी पणजीत. एकीकडे तीसेक किलोमीटर, दुसरीकडे बोरीच्या पुलावरून त्याची कंपनीची बस. दोघांनाही लांब, पण दोघांनाही सारखंच लांब, त्यामुळे भांडण नाही. गंमत बघा, म्हाळसा मूळची वेर्ण्याची, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या भीतीने भक्तांनी तिला नदीपलीकडे म्हार्दोळला आणलं. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आणि आमचा माणूस रोज सकाळी देवीच्या उलट्या वाटेने वेर्ण्याला जातो. फोंडा महाल, म्हणजे आमचा तालुका, हा असा सगळा बाहेरून आलेल्यांचाच आहे, देवांपासून. म्हणूनच की काय, नवीन माणसाला इथे फार काळ नवीन राहू देत नाहीत. आम्ही भाड्याच्या घरात सामान उतरवत होतो तर समोरच्या काकी चहा घेऊन आल्या, आणि कप परत न्यायला आल्या तेव्हा पहिलाच प्रश्न, "गाता का?" मी म्हटलं शाळेत गायचे. झालं, पुढच्या आठवड्यात मी महिला भजनी मंडळात. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेची तयारी सुरू झाली की घरी स्वयंपाक नवरा करतो, मोठ्ठ्याने भांडी आपटत. घरी आम्ही कोकणी बोलतो, नाट्यसंगीत आणि अभंग मराठीत, आणि वेळ आली की भांडण दोन्हीत.

याची किंमत पण आहे, उगाच गोड लिहीत नाही. पिशवीत काय आणलं, भाऊजी दोन दिवस दिसले नाहीत, मुलाचं अजून कुठे जमलं नाही का, हे सगळं ऐकावं लागतं. ज्याला दार लावून राहायचंय त्याने फोंड्यात येऊ नये. बाजारात पार्किंग नाही, एप्रिल-मेमध्ये वारा नाही, समुद्र तर नाहीच.

आणि भोम. यावर मला जरा जास्त लिहायचंय.

पणजी-फोंडा रस्ता बाणस्तारीचा पूल ओलांडून भोममध्ये शिरतो आणि तिथे अचानक गाव रस्त्याला येऊन टेकतं. घरं, देवळं, दुकान, सगळं रस्त्याच्या अंगावर. बस अडकली की एका घराच्या सोप्यावर एक आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, खिडकीतून हात लांब केला तर त्यांच्या कपातला चहा पिता येईल इतक्या जवळ. ते पान उलटतात, बस तिथेच. हेडलाइन मी पण वाचून घेते. हा रस्ता चौपदरी करायचा म्हणून किती वर्षं घोळ चाललाय. गावातले लोक म्हणतात रुंदी करायची तर गावाबाहेरून बायपास काढा, आमची घरं आणि देवळं मधे घेऊ नका, आणि त्यासाठी ते रस्त्यावर उतरले. आमच्या बसमध्ये यावर दोन पार्ट्या. एक म्हणते चार घरांसाठी हजारो माणसांनी रोज का सडायचं? मी दुसऱ्या पार्टीत. रोज त्याच रांगेत सडून सुद्धा. माझी पंधरा मिनिटं वाचवायला कोणाचा सोपा, कोणाचं तुळशीवृंदावन जाणार असेल, तर मी ज्यासाठी फोंड्यात राहते तेच दुसऱ्या गावातून काढून घेतल्यासारखं होईल ना? बायपासला पैसे जास्त लागतील, लागू देत. बोरीच्या नव्या पुलाचं पण तसंच, पलीकडे लोटलीचे शेतकरी खाजन जमिनीसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीसाठी, भांडतायत, आणि इकडे नवऱ्याच्या कंपनी बसमध्ये म्हणे त्यांना शिव्या पडतात.

परत बसवर येते. संध्याकाळी प्रवासी नाहीत म्हणून मालक शेवटच्या फेऱ्या मारत नाहीत. फेऱ्या नाहीत म्हणून पोरं अठरा पूर्ण झाली की स्कूटर घेतात. स्कूटर घेतली की प्रवासी आणखी कमी. हे चक्र पुरुषांना तेवढं टोचत नाही, ते कोणाच्याही मागे बसून येतात नाहीतर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, करतात. बाईने रात्री साडेनऊला पावसात स्कूटरवरून घाट उतरायचा, तर ती हळूहळू तालमीला जाणंच सोडते. आमच्या मंडळातून चांगल्या आवाजाच्या बायका अशाच गळल्या, घरच्यांनी अडवलं म्हणून नाही हो, परतीचं वाहन नाही म्हणून. वाळपईकडच्या मुलीला पणजीत संध्याकाळचं नाटक बघायचं असेल तर तिने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? आमदारांना पूल दिसतात, फीत कापायला बरे असतात. रात्री साडेनऊच्या बसची फीत कोण कापणार.

तर भावा, गाडी घे, जरूर घे, पाऊस बघून घे. पण शीटमध्ये तो रकाना घाल. आणि घर बघायला रविवारी दुपारी येऊ नकोस, एजंट मुद्दाम तेव्हाच बोलावतात. जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी ये, पणजीहून संध्याकाळी सहाची बस धर, उभ्याने, आणि पोचल्यावर नाक्यावर चहा घेताना बघ दुकानं उघडी आहेत का आणि तुला कोणी "कोणाकडे?" विचारतं का.

इथे फोंड्यात कुर्टीच्या बाजूला आमच्या ओळखीत एक टू बीएचके रिकामा होतोय. मालक माणूस सरळ आहे, डिपॉझिटसाठी रडत नाही. वहिनी पेटी वाजवते असं मावशी म्हणत होती, ते खरं असेल तर भाड्याचं मी बघते. आमची पेटीवाली लग्न करून पेडण्याला गेलीये आणि स्पर्धा तोंडावर आहे.